गुळव्याचं जस्त

‘काल काय खाल्लंत?’ हा प्रश्न मी आयुष्यभर लोकांना विचारला आणि त्याचा पगार घेतला. दुसऱ्याच्या ताटात डोकावणं वाईट, असं लहानपणी आई बजावायची. मोठेपणी त्याचीच नोकरी लागली.

हुद्दा आहारतज्ज्ञाचा. कोल्हापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात बरीच वर्षं काढली आणि शेवटची काही वर्षं तिथल्याच एका पाहणीसाठी आसपासच्या गावांतून हिंडले. गावात मला ‘खाण्याच्या बाई’ म्हणायचे. पहिल्यांदा वाईट वाटलं. मग घरी येऊन आरशात पाहिलं आणि तक्रार करायचा विचार सोडला.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय अवघड आहे? माणसाला विचारायचं, तो सांगणार, आपण लिहायचं. पण माणूस एक वेळ भावकीतलं भांडण खरं सांगेल, खाणं खरं सांगणार नाही. इतर ठिकाणी लोक खाणं लपवतात म्हणे. आमच्याकडे वाढवून सांगतात. अर्धी भाकरी खाल्लेला पैलवान गडी तीन सांगतो, कारण कमी खाल्लं म्हणजे एक तर तो आजारी आहे, नाहीतर घरात काहीतरी बिनसलंय. म्हणून मी पिशवीत वाट्या, पळ्या आणि चमचे घेऊन हिंडायची. ‘वाटीभर’ म्हणजे नक्की कुठली वाटी, हे समोर ठेवून विचारावं लागतं. एका आजोबांनी माझ्या सगळ्या वाट्या पाहून ‘ही मापं बारक्या पोरांची हायत’ असं सांगितलं आणि आतून परात आणली.

वारांचंही मोठं प्रकरण असतं. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आमचे मटणाचे वार. सोमवारी सकाळी विचारलं, तर अख्खा जिल्हा मटणावर जगतो असं वाटावं. मंगळवारी तीच माणसं गळ्यात माळ घातल्यासारखी वरणभातावर आलेली असतात. त्यामुळे एकाच घरी निरनिराळ्या वारांना जायचं, श्रावण वेगळा धरायचा, जत्रेचा आठवडा तर सोडूनच द्यायचा. शिवाय पाहणीच्या घरी काही खायचं नाही असा नियम. नियम करणारे कधी कोल्हापूरच्या खेड्यात गेले नसावेत. ‘आमच्यातलं पाणी चालत न्हाय व्हय तुमास्नी?’ असं कुणी विचारलं, की नियम कुठल्या तोंडानं सांगायचा? मी बिनसाखरेच्या चहावर तडजोड केली होती. तो मागितला, की घरची बाई माझ्याकडे फार दयेनं बघायची.

ही पाहणी होती जस्ताची. आपल्या खाण्यातलं जस्त आणि मधुमेह यांचा काही संबंध आहे का, हे आमच्या डॉक्टर मॅडमना बघायचं होतं. मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण विषयात पक्क्या. त्यांनी मला समजावलं ते असं. पोटात स्वादुपिंड असतं, ते इन्सुलिन तयार करतं. हे इन्सुलिन साठवून ठेवायला त्याला जस्त लागतं. म्हणून ज्यांच्या जेवणात जस्त बरं असतं, त्यांना मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाचा धोका कमी असतो की काय, अशी शंका जगभर आहे. काही ठिकाणी तसं दिसलं, काही ठिकाणी दिसलं नाही. आणि मनानंच जस्ताच्या गोळ्या खाल्ल्या, तर फायद्याऐवजी त्रास व्हायचा. ‘म्हणजे नक्की काय सांगायचं लोकांना?’ मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ‘अजून अभ्यास हवा.’ शास्त्रज्ञांचं हे वाक्य मला फार आवडतं. ते कधी खोटं ठरत नाही.

पण हे वाक्य घेऊन गावात भाषण करता येत नाही. दूध डेअरीच्या ओट्यावर बायाबापड्या जमल्या होत्या. मी सांगितलं, जस्त असतं मटणात, अंड्यात, दुधात, हरभऱ्यात, मटकीत, तिळात, शेंगदाण्यात, भोपळ्याच्या बियांत. कडधान्यातलं जस्त जरा कुलपात असतं, भिजवून मोड आणले की ते सुटतं. मी पुढे आणखी पुष्कळ बोलले. पण मागून एकानं विचारलं, ‘म्हंजे मटण खावा म्हंतासा न्हवं?’ आणि सभा तिथंच संपली. त्या बुधवारी गावातल्या मटणाच्या दुकानापुढे रांग लागली, आणि ‘खाण्याच्या बाईंनी लिहून दिलंय’ असं तिथं ऐकायला मिळालं. हरभऱ्याच्या दुकानापुढे काही रांग लागली नाही.

याच सभेत मला दत्तूआण्णा भेटले. दत्तूआण्णा गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो, त्याचा गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. काहील क्षणभर आधी उतरली तर गूळ पाघळतो, क्षणभर उशिरा उतरली तर काळा पडतो. काटा, मीटर काही नाही. उकळत्या रसाचा रंग आणि बुडबुडा बघून दत्तूआण्णा हात वर करायचे आणि चार गडी काहील उचलायचे. त्यांच्या हाताचा गूळ मार्केट यार्डात वेगळा ओळखला जातो, असं गाव म्हणायचं आणि स्वतः दत्तूआण्णा जरा जास्तच म्हणायचे.

त्यांच्या घरी गेले तेव्हा सोप्यात एक वयस्क गृहस्थ बसलेले होते. माझ्या चपलांचा आवाज आला तशी त्यांनी मान वळवली आणि विचारलं, ‘कोन आलंय?’ हे दत्तूआण्णांचे थोरले बंधू. त्यांनी साखर अंगावर काढली आणि दोन्ही डोळ्यांचे पडदे गेले. तेही गुळव्याच. किंबहुना दत्तूआण्णांना हे काम त्यांनीच शिकवलं. आता रंग सांगायला डोळे नव्हते, म्हणून ते घरी बसले होते.

दत्तूआण्णांचं रक्त तपासलं, तर साखर अगदी उंबऱ्यावर उभी. मधुमेह अजून झाला नव्हता, पण आत पाऊल टाकायच्या बेतात होता. ऐकल्यावर ते थोरल्याकडे बघत राहिले. मग मला दाराबाहेर घेऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘बाई, मला मराण आलं तर चालंल. पण डोळं जायला नगोत. रंग दिसला न्हाई तर मी कोन?’

मी म्हटलं, खाणं सांभाळलं तर अजून वेळ आहे. आणि वाट्या काढल्या.

खाणं विचारताना कळलं, की चहा दिवसातून कितीही वेळा आणि प्रत्येक वेळी गुळाचा. मी तो बंद सांगितला. इथं दत्तूआण्णांनी मला अडवलं. त्यांनी भाषण नीट ऐकलं होतं, हाच घोटाळा झाला.

‘जस्त म्हंजे झिंकच की?’

‘हो.’

‘आमी उसाला झिंक घालतोय. खताच्या पोत्यावर लिवल्यालं असतंय. ते उसात आलं. उसातनं रसात, रसातनं गुळात. त्यात आमचा गुळाचा रवा, ढेप वो, गार हुतोय कशात? जस्ती बादलीत. म्हंजे दोन्हीकडनं जस्त. आता गूळ न्हाई खायचा तर जस्त खायचं कुटनं?’

मला शिकवणाऱ्या प्राध्यापकांनीही इतका सुसंगत युक्तिवाद कधी केला नव्हता. मी सांगितलं, गुळात जस्त असतं ते नावापुरतं, आणि त्या नावापुरत्या जस्तासाठी एवढी साखर पोटात ढकलायची म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि बादलीचं म्हणाल, तर जस्ती बादलीत ताक किंवा आंबट काही ठेवून प्यायलात तर उलट्या होतील, तो नाद नको. ते म्हणाले, ‘साखर येगळी आणि गूळ येगळा, बाई. गूळ शेतकऱ्याचा हाय.’ मी म्हटलं, ‘रक्ताला ते माहीत नाही.’

आत त्यांच्या बायकोनं, शालनवहिनींनी, हसू दाबलं. वहिनी बुटक्या, बोलायला कमी आणि कामाला वाघ. त्यांनी गुळाचा डबा उचलून माळ्यावर टाकला आणि शिडी शेजारणीकडे नेऊन ठेवली. त्या दिवसापासून दत्तूआण्णांच्या ताटात मोडाची मटकी, भिजवलेले हरभरे, तिळाची चटणी, अंडी आणि बुधवारच्या मटणातल्या चांगल्या फोडी यायला लागल्या. भाताचा डोंगर खाली आला. दिवाळीच्या आधी तपासणी झाली, ती तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. साखर थोडी उतरली होती. दत्तूआण्णांनी चावडीवर जस्ताचं व्याख्यान सुरू केलं. ऐकणारे म्हणायचे, बाईंपेक्षा हे बरं सांगतात.

मग गुऱ्हाळं सुरू झाली आणि हंगामाच्या मध्यावर केलेल्या तपासणीत साखर उंबरा ओलांडून आत आली.

मॅडमनी आकडा दोनदा बघितला. खाणं तर तेच होतं. मी वेगवेगळ्या वारांना जाऊन विचारलं होतं. वहिनी साक्षीला होत्या आणि वहिनी खोटं बोलत नव्हत्या. मॅडम म्हणाल्या, पुढच्या तपासणीतही असंच आलं तर औषध सुरू करू आणि डोळ्यांचे पडदे आत्ताच तपासून घेऊ. औषधात भिण्यासारखं काही नव्हतं. पण ‘पडदे’ हा शब्द ऐकल्यावर दत्तूआण्णांनी बाकाची कड धरली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘तुमी सांगिटलासा ते सगळं खाल्लं. मटकी खाल्ली, बिया खाल्ल्या, च्या सोडला. थोरल्यानं काय बी केलं न्हवतं, त्याचं डोळं गेलं. मी सगळं करून माझं बी जायचं असतील तर सांगून टाका.’

मला राग आला. त्यांचा नाही, त्या साखरेचा. मी मनाशी म्हटलं, माणूस खोटं बोलत नसेल, तर मीच कुठंतरी चुकीच्या ठिकाणी बघतेय.

दुसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता गुऱ्हाळावर गेले. चुलवाण पेटलं होतं, चिपाडं भराभर आत जात होती आणि काहिलीतून सोन्यासारखी वाफ निघत होती. दत्तूआण्णा काहिलीच्या कडेला उभे. घरात खांदे पाडून बसणारा माणूस इथं ताठ होता. त्यांनी उलथन्यानं थोडा पाक काढला, थंड पाण्याच्या भांड्यात सोडला, बोटांनी वळून त्याची गोळी केली, भांड्याच्या कडेवर टणकन वाजवून बघितली, आणि तोंडात टाकली. जरा चघळून म्हणाले, ‘अजून हाय.’ थोड्या वेळानं पुन्हा काढली, वळली, वाजवली, तोंडात टाकली. मग पुन्हा. काहील उतरल्यावर रव्याचा एक तुकडा मोडला, तोही तोंडात. मग दुसरी काहील चढली.

मी एका उसाच्या मोळीवर बसून हे सगळं पाहिलं आणि मग हाक मारली, ‘दत्तूआण्णा, काल काय खाल्लंत?’

त्यांनी मुखोद्गत असल्यासारखं म्हणून दाखवलं. सकाळी दोन भाकरी, मटकी. दुपारी भाकरी, अंडं, चटणी. रात्री भाकरी आणि आमटी.

‘आणि गूळ?’

‘न्हाय. शपतेवर न्हाय.’

‘मग हे आत्ता तोंडात काय गेलं?’

ते माझ्याकडे इतक्या निरागसपणे बघत राहिले, की मीच ओशाळले. ‘हे? हे खाणं न्हाई, बाई. हे काम हाय.’

चुलवाणावरच्या गड्यानं मान डोलावली. त्यालाही ते पटलेलं होतं. आणि खरं सांगू का, मलाही पटलं. शिंपी कापड मोजतो ते नेसत नाही, सोनार सोनं घासतो ते घालत नाही. तसा गुळव्या गूळ चाखतो, तो खात नाही. माणूस एक अक्षर खोटं बोलला नव्हता. मी त्यांना खाणं विचारत होते, काम विचारलंच नव्हतं. फक्त स्वादुपिंडाला हा फरक समजावून सांगणारं कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांच्या सोप्यात बैठक बसली. मी म्हटलं, चाखणं सोडा. दत्तूआण्णा म्हणाले, ‘न चाखता काहील उतरवू? डोळं मिटून गाडी हाकू?’ त्यांचंही बरोबर होतं. रंग आणि टणकपणा डोळ्याला, हाताला कळतो. पण खारट जमिनीतल्या उसाचा गूळ खारवट होतो, ते कळायला जीभच लागते. तो रवा चांगल्या मालात गेला, की गुळव्याची अब्रू गेली. मी म्हटलं, मग चाखून थुंकून टाका. यावर थोरल्यांनीच मान हलवली. ‘काहिलीवर थुकायचं? लक्षुमी हाय ती.’ बैठक तिथंच थांबली. चाखावं तर डोळे जाणार आणि न चाखावं तर हातातलं काम जाणार.

मग भाकऱ्या थापता थापता आतून शालनवहिनी म्हणाल्या, ‘मी चाखती.’

दत्तूआण्णा हसले. ‘तुला काय कळतंय त्यातलं?’

‘तुमी आणल्याला गूळ इतकी वर्सं कोण खातंय, शेजारीण?’

बायकांनी काहिलीशी येऊ नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण त्या गुऱ्हाळात कुणी आलेलीही नव्हती. दत्तूआण्णा कुरकुरले, मालक काय म्हणेल, गडी काय म्हणतील. थोरले म्हणाले, ‘गडी काय म्हंतील ते ऐकाय मी बसतो तितं. माजं कान शाबूत हायत.’

दुसऱ्या दिवशी वहिनी पदर खोचून आल्या. दत्तूआण्णांनी पाक काढला, गोळी वळली, वाजवली आणि मोठ्या जड हातानं बायकोपुढे धरली. वहिनींनी ती जिभेवर ठेवली, डोळे मिटले, बाजूला जाऊन तुळशीत टाकावी तशी कुंपणाच्या कडेला टाकली आणि चूळ भरली. काहिलीपासून लांब, म्हणून लक्ष्मीचा प्रश्न मिटला. इतकी साधी गोष्ट आम्हा तिघांना सुचली नव्हती. मग त्या म्हणाल्या, ‘खारट मारतंय. हा वड्याकडंच्या वावरातला ऊस हाय.’

‘न्हाय,’ दत्तूआण्णा म्हणाले. ‘ह्यो माळावरचा हाय.’

मोळ्या आणणाऱ्या गड्याला विचारलं. तो कानाची पाळी चोळत म्हणाला, माळावरचा ऊस कमी पडला म्हणून पहाटे दोन फेऱ्या ओढ्याकडच्या घातल्या. तो गूळ दत्तूआण्णांनी वेगळा काढायला सांगितला आणि पुढची गोळी बायकोपुढे धरली, तेव्हा हात पहिल्याएवढा जड नव्हता.

हंगाम सरताना तपासणी झाली. साखर उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदे पाहिले आणि ते स्वच्छ असल्याचं सांगितलं. दत्तूआण्णांनी बाहेर येऊन रुग्णालयाच्या भिंतीचा पिवळा रंग, रिक्षाचा हिरवा रंग आणि माझ्या साडीचा रंग मोठ्यानं सांगितला. साडीचा चुकला, पण तो पुरुषांना कधीच येत नाही.

मॅडम खूश. ‘बघा, जस्ताचा परिणाम दिसतोय.’ मग मी त्यांना गुऱ्हाळातली सगळी हकिगत सांगितली. आधी त्या हसल्या, मग गंभीर झाल्या, मग पुन्हा हसल्या. जस्त वाढलं होतं, भात घटला होता, गुळाचा चहा सुटला होता, चाखणं सुटलं होतं आणि बायकोचा पहारा बसला होता. यातल्या कशानं साखर उतरली, हे सांगायचं कसं? ‘अजून अभ्यास हवा,’ आम्ही दोघी एकदमच म्हणालो. पुढच्या पाहणीत मात्र मी एक प्रश्न वाढवायला लावला. कामावर असताना तोंडात काय जातं? त्यानंतर आचारी, हलवाई आणि डेअरीतले दूध चाखणारे यांच्याकडून जे ऐकलं, त्यावर दुसरा लेख होईल.

दत्तूआण्णांना मात्र कसलाच संशय नव्हता. जस्तानंच गुण दिला, असं ते सगळ्यांना सांगत. बायकोला श्रेय देण्यापेक्षा जस्ताला देणं त्यांना सोपं जात असावं.

माझी नोकरी संपली आणि पाहणीचा नियमही संपला, तेव्हा त्यांनी मला जेवायला बोलावलं. बुधवार होता. मटण, तांबडा, पांढरा, ज्वारीची भाकरी. वहिनींनी वाढलं. थोरल्यांना फोडी, दत्तूआण्णांना फोडी, मला तर नको नको म्हणेपर्यंत फोडी. आम्ही जेवत होतो आणि दत्तूआण्णा जस्ताचं माहात्म्य सांगत होते. माझं लक्ष पातेल्याकडे गेलं. त्यात आता नुसता रस्सा होता.

मी वहिनींना विचारलं, ‘तुम्हाला काय उरलं?’

‘हाय की. रस्सा हाय.’

‘आणि मागच्या बुधवारी?’

‘रस्साच असतोय. मला रस्साच आवडतोय, बाई.’

हे वाक्य मी किती घरांत ऐकलं असेल. नवऱ्यानं किती फोडी खाल्ल्या, पोरानं किती खाल्ल्या, हे बाईला तोंडपाठ असतं. आमच्या पाहणीत घरटी एकच माणूस निवडलेला असायचा आणि बहुतेक वेळा पुरुषच पुढे यायचा. त्याच्या ताटातलं सगळं मी त्याच्या बायकोकडून ऐकून घेतलं आणि पुढच्या घरी गेले, याची मला आजही रुखरुख आहे. मी दत्तूआण्णांना म्हटलं, ‘तुम्ही गावाला जस्त शिकवता ना? जस्त फोडीत असतं. रश्शात चव असते.’

दत्तूआण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी पातेल्यात बघितलं, मग बायकोकडे. रंगावरून गूळ ओळखणाऱ्या माणसाला इतक्या वर्षांत हे पातेलं दिसलं नव्हतं. ते उठले, स्वतःचं ताट उचललं आणि आपल्या ताटातल्या फोडी उष्ट्या हातानंच पातेल्याशेजारच्या बायकोच्या रिकाम्या ताटात सारायला लागले.

‘काय करतासा,’ वहिनी ताट मागे ओढत म्हणाल्या. ‘तुमच्या डोळ्यांस्नी पायजेत त्या.’

‘माजं डोळं बरं हायत,’ दत्तूआण्णा म्हणाले. ‘आता तुजी जीब राखाय पायजे. ती गेली तर मी कुणाच्या जिवावर काहील उतरवू?’

सोप्यातून थोरले म्हणाले, ‘माझ्या बी दोन घे गं शालन. मला कुटं काहील उतरवायची हाय?’

वहिनी ताट घेऊन आमच्यातच बसल्या, पहिल्यांदा फोड उचलली आणि ती पूर्ण संपवल्यावर मग भाकरी मोडली.